सूची आणि रुमाल : घरगुती संगणकाच्या आरंभकाळातील एक धडा

काही महिन्यांपूर्वी एका जुन्या मराठी संस्थेचे कपाट आवरण्याच्या कामी आम्ही हातभार लावीत होतो. नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यामागे एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात चार-पाच डझन फ्लॉप्या होत्या. काहींवर 'दिवाळी अंक, अंतिम' असे लिहिलेले होते, काहींवर 'दिवाळी अंक, अंतिम २'. बऱ्याच चिठ्ठ्यांवरील शाई उडून गेली होती. एका फ्लॉपीवर संस्थेच्या एका दिवंगत कार्यकर्त्याचे नाव आणि त्याखाली 'आठवणी' एवढाच शब्द होता. या आठवणी कधी छापल्या गेल्या नाहीत, हे उपस्थितांपैकी सर्वांस ठाऊक होते. त्या लिहिल्या गेल्या होत्या, हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

डब्याचे काय करावे अशी चर्चा निघाली, तेव्हा एका तरुण मित्राने सहज विचारले, "यात काय काय आहे, याची यादी कुठे आहे?" यादी नव्हती. ती कधी केलीच गेली नव्हती.

हा प्रश्न काही आमच्याच डब्यापुरता नाही. १९७५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत ज्या हौशी माणसांनी पहिल्याप्रथम आपल्या घरी संगणक आणले, त्यांच्यापुढे तो लवकरच उभा राहिला, आणि त्याची दोन उत्तरे त्यांनी शोधली. पहिले उत्तर सूचीचे, म्हणजे कोणत्या चकतीवर काय आहे याची नोंद चकतीबाहेर ठेवण्याचे. दुसरे रुमालाचे, म्हणजे सुटी कागदपत्रे एकत्र बांधून ठेवण्याचे. ही दोन्ही साधने कशी चालत आणि त्यांच्यापासून आज आपणांस काय घेता येईल, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. यंत्रविद्येशी ज्यांचा संबंध नाही अशा वाचकांसही विषय समजावा, अशी काळजी आम्ही यथाशक्ति घेतली आहे.

चकतीच्या पोटातील सूची

घरगुती संगणकांची पहिली साठवण गाण्यांच्या साध्या कॅसेटवर होत असे. कॅसेटची फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. म्हणून कोणता मजकूर कोठे सुरू होतो, हे टेपरेकॉर्डरवरील आकड्यावरून पाहून कॅसेटच्या डबीतील कागदावर हाताने लिहून ठेवावे लागे. ही सूची ओबडधोबड खरी, पण ती वस्तूच्या बाहेर होती, आणि डोळ्यांनी वाचता येत होती.

१९७८ साली ॲपल २ या संगणकासाठी फ्लॉपी चालविणारे यंत्र आले आणि चित्र पालटले. फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली पातळ, लवचीक चकती. तिच्यावर एकात एक अशी वर्तुळे कल्पिलेली असतात. त्यांस ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे पुन्हा तुकडे पाडलेले असतात, ते सेक्टर. १९८० च्या सुमाराची ॲपलची व्यवस्था घेतली, तर चकतीवर ३५ ट्रॅक, प्रत्येकावर १६ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ अक्षरे मावत. एकूण १,४३,३६० अक्षरे झाली. हस्तलिखिताच्या एका पानावर दोन हजार अक्षरे धरली, तर सुमारे सत्तर पानांचा हा ऐवज होय.

आता वाचणारी सुई या चकतीवर कोठेही एकदम जाऊ शकते. परंतु कोठे जावयाचे, हे तिला कोणी तरी सांगावयास हवे. त्यासाठी चकतीचा एक ट्रॅक सूचीकरिता राखून ठेवलेला असे. ॲपलच्या चकतीवर तो सतरावा, म्हणजे बरोबर मध्यावरचा. हेतू हा की, सुईला कोणत्याही बाजूस जाण्यास कमीत कमी अंतर पडावे. या सूचीत जास्तीत जास्त १०५ नावे बसत. नावाशेजारी फाइलीचा प्रकार, तिची लांबी आणि तिचा आरंभ कोठे शोधावा याची खूण असे. 'कॅटलॉग' हा शब्द टंकित केला की ही यादी पडद्यावर उमटे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या अतिशय लोकप्रिय संगणकाची तऱ्हा थोडी निराळी होती. त्याच्या चकतीवरील सूची अठराव्या ट्रॅकवर असे व तीत १४४ नावे मावत. परंतु ती पाहण्याची रीत चमत्कारिक होती. सूची हा जणू एक कार्यक्रमच आहे असे समजून ती संगणकाच्या स्मृतीत उतरवावी लागे, आणि ती उतरली की स्मृतीत आधी असलेला कार्यक्रम पुसला जाई. दोन तास खपून लिहिलेला कार्यक्रम कोणत्या नावाने साठवावा हे ठरविण्यासाठी चकतीवरील नावे पाहावयास जावे, आणि त्या पाहण्यातच तो कार्यक्रम नाहीसा व्हावा, हा अनुभव अनेकांनी घेतला. म्हणूनच स्मृतीला धक्का न लावता सूची दाखविणारा एक छोटा साहाय्यक कार्यक्रम या यंत्रासोबत येणाऱ्या चकतीवर दिलेला असे.

येथे एक मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. फाइल 'खोडली' म्हणजे प्रत्यक्षात काय होई? ॲपलवर असो, कमोडोरवर असो, की सीपी/एम या त्या काळच्या दुसऱ्या प्रसिद्ध व्यवस्थेत असो, मजकुराला कोणी हातही लावीत नसे. सूचीतील त्या नावाच्या नोंदीत एक खूण तेवढी बदलली जाई आणि त्या जागा मोकळ्या झाल्या असे मानले जाई. त्यांवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना तेथेच निजून असे. आयबीएमच्या संगणकांसाठी पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली विकावयास काढलेल्या साधनांना जी कीर्ती मिळाली, तिचे एक मोठे कारण हेच होते: खोडलेली फाइल परत आणणे, म्हणजे सूचीतील ती खूण पूर्ववत करणे.

याची उलट बाजू मात्र भयंकर आहे. सूचीचा तो एक ट्रॅक बिघडला, तर मजकूर सगळाच्या सगळा शाबूत असूनही हरवल्यात जमा होतो. ज्या ग्रंथालयाची नोंदवही ग्रंथांच्याच एका कपाटात कोंडलेली आहे आणि त्या कपाटाचे कुलूप गंजले आहे, अशा ग्रंथालयासारखी ती अवस्था होय.

चकतीबाहेरील सूची

एक चकती असेपर्यंत तिच्या पोटातील सूची पुरते. चकत्या शंभर झाल्या म्हणजे कोणती फाइल कोणत्या चकतीवर आहे, हे पाहण्यासाठी शंभर वेळा चकत्या आत-बाहेर कराव्या लागतात. हौशी मंडळींची ही अडचण प्रथम सीपी/एम वापरणाऱ्यांत तीव्रतेने जाणवली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेली ही व्यवस्था निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चाले. त्यामुळे तिच्या वापरकर्त्यांचा एक मोठा समाज निर्माण झाला होता, आणि त्यांच्या मंडळांतून क्रमांक घातलेल्या चकत्या एकमेकांस दिल्या-घेतल्या जात.

शिकागोचे वॉर्ड ख्रिस्टेन्सन हे या समाजातील एक अग्रणी. रँडी सूस यांच्यासह १९७८ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा पहिला सार्वजनिक सूचनाफलक उभा केला, त्यामुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले आहे. त्यांनीच चकत्यांच्या सूचीसाठी काही लहान कार्यक्रम लिहून सर्वांस मोफत दिले. त्यामागची कल्पना साधी व मार्मिक होती.

सीपी/एमच्या चकतीला स्वतःचे नाव नसे. ख्रिस्टेन्सन यांनी युक्ती केली ती अशी: प्रत्येक चकतीवर एक रिकामी फाइल निर्माण करावयाची. तिच्यात एक अक्षरही नाही, म्हणून ती जागा खात नाही. सूचीतील एक ओळ तेवढी घेते. या फाइलीचे नाव आडव्या रेघेने सुरू व्हावे आणि शेवटी तीन आकडी क्रमांक असावा. हेच त्या चकतीचे नाव झाले. मग एक कार्यक्रम चकतीवरील सर्व नावे वाची. दुसरा ती नावे, चकतीच्या नावासह, एका मुख्य सूचीत मिळवी. तिसरा त्या मुख्य सूचीत शोध घेई. चकतीत काही फेरफार झाल्यास तीच कृती पुन्हा करावयाची, म्हणजे गेलेली नावे गळत व नवी दाखल होत. फाइलीचे नाव विचारले की ती कोणकोणत्या चकतींवर आहे, याचे उत्तर एकही चकती न हलविता मिळे.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. शंकर गणेश दाते यांनी आपल्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी नोंद केली, तीमागे हीच दृष्टी आहे. ते ग्रंथ काही दात्यांच्या एका कपाटात नव्हते. ते अनेक ठिकाणी विखुरलेले होते. सूचीने ते एका जागी आणले नाहीत. ते आहेत, हे एका जागी आणले. जी वस्तू कोठे तरी आहे पण कोणाला ठाऊक नाही, आणि जी वस्तू नाहीच, या दोहोंत वाचकाच्या दृष्टीने फरक तो काय? हा फरक सूची निर्माण करते.

तथापि या सूचीलाही मर्यादा होत्या. सीपी/एममध्ये फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि प्रकारदर्शक जोड तीन अक्षरांची, एवढीच जागा असे. त्या काळी सर्वत्र प्रचारात असलेल्या तिच्या आवृत्तीत फाइल कोणत्या दिवशी लिहिली, याची नोंदच होत नसे. दोन चकत्यांवर एकाच नावाच्या दोन फाइली सापडल्या, तर आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे सूची सांगू शकत नसे. आमच्या डब्यातील 'अंतिम' आणि 'अंतिम २' यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. नाव ठेवणाऱ्याने थोडा विचार केला नाही, तर उत्तमातील उत्तम सूचीही मुकी राहते. याची जाणीव ठेवून काम करणारेही त्या पिढीत होते. अमीगा या संगणकासाठी फ्रेड फिश यांनी १९८६ ते १९९४ या काळात अकराशे चकत्यांचा सार्वजनिक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक कार्यक्रमासोबत तो काय करतो व कोणी लिहिला, हे सांगणारा छोटा परिच्छेद असे. ज्याला उपयोग करावयाचा आहे त्याला नाव पुरत नाही, परिचय लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

रुमाल

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत, हे वाचकांस माहीत आहेच. सुटा कागद हरवतो. रुमालात बांधलेला राहतो. संगणकावरही हीच गरज निर्माण झाली, पण कारणे अधिक हिशेबी होती.

सीपी/एमच्या मूळ आठ इंची चकतीवर मजकुरासाठी सुमारे २४१ किलोबाइट जागा असे, आणि एका किलोबाइटमध्ये १,०२४ अक्षरे मावत. ही जागा एक-एक किलोबाइटच्या खणांनी दिली जाई. म्हणजे दोनशे अक्षरांचे पत्र लिहिले तरी त्याला एक संपूर्ण खण लागे, आणि उरलेली आठशेहून अधिक अक्षरांची जागा वाया जाई. शिवाय सूचीत ओळी फक्त ६४. अशी चौसष्ट छोटी पत्रे साठविली की सूची भरली; चकती तीन-चतुर्थांश रिकामी असूनही पासष्टावे पत्र ठेवण्यास वाव नाही!

गॅरी नोव्होसिएल्स्की यांनी लिहिलेल्या 'एल यू' या कार्यक्रमाने १९८० च्या दशकाच्या आरंभी यावर उपाय दिला. अनेक लहान फाइली एकापुढे एक जोडून एकच मोठी फाइल करावयाची आणि तिच्या आरंभी आत काय आहे याची छोटी सूची ठेवावयाची. या गाठोड्यास ते 'लायब्ररी' म्हणत. आत प्रत्येक फाइलीला किलोबाइटऐवजी १२८ अक्षरांच्या खणांत बसविले जाई, त्यामुळे वाया जाणारी जागा पुष्कळ वाचे. चकतीच्या सूचीत मात्र एकच नाव दिसे.

हा झाला बांधण्याचा भाग. आवळण्याचा भाग निराळा. रिचर्ड ग्रीनलॉ यांच्या 'एस क्यू' या कार्यक्रमाने फाइल आवळली जाई व 'यू एस क्यू'ने ती पुन्हा सैल होई. त्यामागचे तत्त्व डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेले होते. सामान्यतः संगणक प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देतो. परंतु कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत 'त' आणि 'र' पावलोपावली भेटतात, 'ङ' मात्र दुर्मिळ. मग जे नेहमी येते त्याला आखूड खूण द्यावी, जे क्वचित येते त्याला लांब, म्हणजे एकंदर मजकूर आखूड होईल. तारायंत्राच्या संकेतांत हीच युक्ती होती. हफमन यांनी ती सर्वांत काटकसरीची कशी करावी याचा निश्चित नियम दिला. यात एक अक्षरही गळत नाही. मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो.

या काटकसरीची निकड टेलिफोनमुळे होती. त्या वेळच्या हळू उपकरणावरून सेकंदास सुमारे तीस अक्षरे जात. साठ हजार अक्षरांची फाइल पाठविण्यास तेहतीस मिनिटे लागत. ती एक-तृतीयांशाने आवळली गेली, तर अकरा मिनिटांचे टेलिफोनचे भाडे वाचे.

बांधणे आणि आवळणे ही दोन कामे एकत्र करणारा 'आर्क' हा कार्यक्रम न्यू जर्सीच्या सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्या कंपनीने १९८५ साली आयबीएम जातीच्या संगणकांसाठी काढला. मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी त्याच पद्धतीचा, पण अधिक जलद कार्यक्रम लिहिला. त्यावरून १९८८ मध्ये न्यायालयात दावा लागला व तडजोड झाली. त्यानंतर कॅट्झ यांनी १९८९ साली स्वतःची नवी रचना आणली, आणि तिचे नियम सर्वांसाठी खुले केले. हीच 'झिप' होय. आज वाचक ज्या ई-पुस्तकांस 'ईपब' म्हणतात, ती आतून झिपचाच रुमाल असतात.

रुमालाची जोखीम

रुमालाचे फायदे सांगितले. आता त्याचा धोका सांगितला पाहिजे. चौसष्ट सुटी पत्रे असताना चकतीचा एक सेक्टर खराब झाला, तर एक पत्र जाते. तीच पत्रे एका रुमालात असताना नेमका रुमालाच्या सूचीचा सेक्टर गेला, तर रुमालच उघडत नाही. शिवाय आवळलेल्या मजकुरात एक खूण बिघडली की पुढील खुणांचा अर्थ लागेनासा होतो. साध्या मजकुरात एक अक्षर चुकले तर वाचक ते सांभाळून घेतो. आवळलेल्या मजकुरात ती उदारता नाही.

झिपच्या रचनेत या धोक्याचा विचार केलेला दिसतो. तिच्यात सूची दोनदा असते. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तिची स्वतंत्र नोंद असते, आणि रुमालाच्या अखेरीस सर्वांची एकत्र नोंद असते. अखेरची सूची तुटली तर माथ्यावरील नोंदींवरून ती पुन्हा जुळविता येते, आणि तसे करणारा दुरुस्तीचा कार्यक्रमही कॅट्झ यांनी दिला होता. प्रत्येक फाइलीसोबत एक तपासणीचा अंकही असतो. उघडलेला मजकूर मुळाबरहुकूम आहे की नाही, हे त्यावरून कळते.

दुसरा धोका किल्लीचा. रुमाल सोडण्याची गाठ ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो सोडता येतो. ज्या रचनेचे नियम उघड होते, तिची किल्ली पुढील पिढ्यांस बनविता आली. ज्यांचे नियम कंपनीच्या तिजोरीत राहिले, त्यांचे रुमाल कंपनीबरोबर मिटले.

आमचा डबा

मराठीच्या बाबतीत या किल्लीचा प्रश्न अधिकच बिकट आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडील छपाईचे काम जुन्या फाँटांवरच होत राहिले. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. तो विशिष्ट फाँट नसेल तर उघडलेली फाइल रोमन अक्षरांचा अर्थहीन कोलाहल दाखविते. मजकूर आहे, सूची आहे, रुमालही उघडला आहे; तरी वाचता काही येत नाही.

'आठवणी'च्या फ्लॉपीचे नेमके असेच झाले. जुने यंत्र मिळवून ती वाचली, तेव्हा सूचीत सहा नावे दिसली. पाच फाइली उघडल्या, सहावी उघडली नाही. उघडलेल्या पाचांत रोमन अक्षरांची ती गर्दी होती. सुदैवाने डब्यातील दुसऱ्या एका फ्लॉपीवर त्या काळी वापरलेला फाँट सापडला. तो बसविताच पहिल्या ओळीतील गावाचे नाव पडद्यावर उमटले. ते वाचून त्या कार्यकर्त्यांच्या वयोवृद्ध स्नेह्यांनी चष्मा काढून पुसला. सहावे प्रकरण मात्र गेले ते गेलेच. त्याची दुसरी प्रत कोठे आहे काय, हे सांगणारी यादी असती, तर कदाचित तेही मिळाले असते.

गोमंतकापासून ग्वाल्हेरपर्यंत आणि बेळगावापासून बडोद्यापर्यंत ज्या ज्या मराठी संस्थांनी गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकावर अंक काढले, त्यांच्या कपाटांतही असे डबे असण्याचा संभव आहे. त्यांच्या चालकांस आमची नम्र सूचना अशी. फ्लॉपी यंत्रात घालण्यापूर्वी तिचे लेखन-प्रतिबंधक साधन लावावे: सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच झाकावी, साडेतीन इंचीची खिडकी उघडी करावी. प्रथम संपूर्ण चकतीची जशीच्या तशी नक्कल घ्यावी, कारण जुनी चकती दुसऱ्यांदा वाचली जाईलच याची खात्री नसते. मग प्रत्येक चकतीस क्रमांक द्यावा आणि तिच्यावरील सर्व नावांची सूची करावी. तीत वर्ष, लेखक, फाँटाचे नाव आणि दोन ओळींचा परिचय असावा. ही सूची कागदावरही छापून ठेवावी. रुमाल बांधावयाचा तो यानंतर. आणि त्यात मूळ फाइल, तिचा फाँट व युनिकोडमध्ये उतरविलेली प्रत ही तिन्ही एकत्र असावीत. असे रुमाल दोन करावेत, आणि ते दोन निरनिराळ्या गावी ठेवावेत.

घरगुती संगणकाच्या त्या आरंभीच्या पिढीजवळ साधने तुटपुंजी होती. सत्तर पानांची चकती, आठ अक्षरांचे नाव आणि सेकंदास तीस अक्षरे नेणारी तार. त्या टंचाईतच तिला दोन गोष्टी उमगल्या: वस्तूची नोंद वस्तूबाहेर असावी, आणि रुमालासोबत त्याची किल्ली असावी. आज जागेची टंचाई उरलेली नाही, आणि म्हणूनच यादी करण्याचा आळस वाढला आहे. आमच्या त्या पत्र्याच्या डब्यावर आता एक वही बांधलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर क्रमांक एक म्हणून 'आठवणी'ची नोंद आहे, आणि त्या नोंदीखाली लिहिले आहे: प्रकरणे पाच; सहावे हवे आहे.